दुसरा ब्रेक नसलेली गाडी

मास्तरांच्या उजव्या पायातला बूट नेहमी डाव्याच्या आधी जायचा. वरून नव्हे, वरून तो चकचकीतच असायचा. झिजायचा तो तळ, आणि तोही नेमका चवड्याखालचा. कोपऱ्यावरचा बूट शिवणारा तर आताशा डावा बूट हातातही घेत नसे. "तुमचा एकच पाय कमावता आहे मास्तर, दुसरा नुसता बसून खातो," असं तो म्हणायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. ते गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसवलेला होता. शिकणारा माणूस बुडत्याने काडी धरावी तसा स्टिअरिंग धरून बसायचा, आणि शेजारी मास्तर मांडीवर हात ठेवून, चेहरा शांत, पाय मात्र त्या दुसऱ्या ब्रेकवर अधांतरी. समोर कुत्रं येवो, सायकल येवो की नुसतं वळण येवो, शिकणाऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडायच्या आत गाडी थांबलेली असायची. ऑफिसच्या भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत रंगवूनच घेतलं होतं : शंका आली की ब्रेक. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं, आणि त्यांच्या एकाही विद्यार्थ्याने कधी कुणाला ठोकलं असं ऐकिवात नव्हतं. कुठे वेळेवर पोचला असंही ऐकिवात नव्हतं.

माणूस दिवसभर एकच काम करत राहिला की ते अंगात मुरतं. मास्तर टीव्ही बघत असले आणि पडद्यावरची गाडी वळणावर आली की इकडे सोफ्यापुढची चटई चुरगळायची. कुणा नातेवाइकाच्या गाडीतून गेले तर उतरल्यावर त्यांची पोटरी धरलेली असायची. हे पायापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण एका मित्राने भागीदारीत दुसरी शाखा काढू म्हटलं, तेव्हा मास्तरांना शंका आली. मुलीचं लग्न झाल्यावर जरा मोठं घर घ्यायचं ठरलं, घर बघूनही झालं, आणि सही करायच्या दिवशी सकाळी शंका आली. मित्राने शाखा एकट्याने काढली आणि ती उत्तम चालली. घरात दुसरं कुणी राहायला गेलं आणि तेही उत्तम राहिलं. मास्तर मात्र जिथे होते तिथेच, सुरक्षित.

ऑफिस त्यांची बायको सांभाळायची. मास्तरांची बायको म्हणून गाव तिला मास्तरीणबाई म्हणायचं. फोन घेणं, वेळा देणं, परीक्षेला निघालेल्या घाबरगुंड्यांना पाणी पाजून पाठवणं, हे सगळं मास्तरीणबाईंचं. गाडी मात्र त्यांना येत नव्हती. लग्न नवं होतं तेव्हा मास्तरांनी त्यांना एकदा मैदानावर नेलं होतं. त्यांनी क्लच सोडायला घेतला, मास्तरांनी ब्रेक दाबला. त्यांनी चाक वळवायला घेतलं, मास्तरांनी ब्रेक दाबला. असं बराच वेळ चाललं. मग त्या गाडीतून उतरल्या, दार अगदी हलक्या हाताने लावलं आणि चालत घरी गेल्या. दार आपटलं असतं तर मास्तरांना निदान काही कळलं तरी असतं. तेव्हापासून ते सगळ्यांना सांगायचे, "आमच्या हिला गाडीची आवडच नाही." लोक दिव्याखाली अंधार म्हणून हसायचे, आणि मास्तरही त्यांच्यात हसायचे.

तर अशा या मास्तरांची दाढ दुखायला लागली आणि सगळा घोटाळा झाला.

दातांचे डॉक्टर त्यांचेच जुने विद्यार्थी. शिकत असताना आरशात मागचा रस्ता सोडून स्वतःचे दात बघायचे, म्हणून मास्तरांच्या चांगले लक्षात होते. या डॉक्टरांकडे एक स्पोर्ट्‌स कार होती. गडद हिरवी, दोनच दारं, दोनच सीटा, आणि बुटकी इतकी की तिच्यात बसणं म्हणजे जवळजवळ आडवं होणंच. ती गेली की रस्त्यावरचे लोक ती दिसेनाशी झाल्यावरही तिकडेच बघत राहायचे. डॉक्टरांनी मास्तरांच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबले, वर ते आवाज करणारं दात कोरायचं यंत्र हातात घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, माझी हिरवी घेता का?"

मास्तर म्हणाले, "आँ?"

"माझी पाठ गेलीय. बसता येतं, पण उतरताना दोन माणसं लागतात. परवा दवाखान्यापुढे पेशंटांनी ओढून काढलं मला." मग त्यांनी किंमत सांगितली. चार दारांची अगदी साधी नवी गाडी जेवढ्यात येते, त्याहूनही ती कमी होती. "पैशासाठी विकत नाहीये मी. चांगल्या हातात पडावी एवढंच. रविवारपर्यंत सांगा, नाहीतर मग जाहिरात देतो."

मास्तरांनी पुन्हा "आँ" केलं. पहिलं दाढेचं होतं की दुसरं, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

आता यात गोंधळण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. हवी तर घ्यावी, नको तर नाही म्हणावं, एक घाव दोन तुकडे. पण घाव घालायचा कुठे, तेच तर कळत नव्हतं. मास्तरांनी पैसे बाजूला ठेवले होते ते आपल्या ड्रायव्हिंग शाळेच्या नव्या गाडीसाठी. जुनीच्या क्लचवर सगळ्या गावाने पाय साफ केले होते. चढावर ती कण्हायची, उतारावर खोकायची. त्यात रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, दुसऱ्या एकाने गाडी शिकवायचं दुकान थाटलं होतं. कानामागून आला आणि तिखट झाला, असं मास्तर त्याच्याबद्दल म्हणायचे, आणि त्याचं नावही घ्यायचे नाहीत, नुसतं 'समोरचा' म्हणायचे. समोरच्याच्या गाड्या कोऱ्या करकरीत होत्या. मास्तरांनी नवी गाडी आणली नाही तर उरलेसुरले विद्यार्थीही रस्ता ओलांडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पैसे एकाच गाडीचे होते. हिरवी घेतली तर शाळेची गाडी येणार नाही, आणि शाळेची आणली तर हिरवी गेली ती गेलीच.

बरं, हिरवी नको म्हणावं तर ती हवी होती. अगदी पोटातून हवी होती. दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन मास्तर तिच्याभोवती फिरले, टपावरून हात फिरवला, आणि मग रुमालाने आपल्याच हाताचा ठसा पुसला. सगळा जन्म गाडीत गेला होता आणि गाडी पळवली एकदाही नव्हती. वेग म्हणजे काय हे त्यांना बाहेरून माहीत होतं, जसं आचाऱ्याला दुसऱ्याच्या पंक्तीतलं जेवण माहीत असतं. एकदा, फक्त एकदा, मोकळ्या रस्त्यावर पाय खाली दाबून बघायचा होता, आणि तो ब्रेकवर नव्हे.

डॉक्टरांनी किल्ली दिली आणि म्हणाले, एक चक्कर मारून बघा. मास्तर लगबगीने गेले, दार उघडलं, आत आडवे झाले, पट्टा लावला आणि म्हणाले, "हं. आरसे बघून घ्या. सावकाश क्लच सोडा."

डॉक्टर बाहेरच उभे होते. मास्तर शेजारच्या सीटवर बसले होते.

त्या दिवशी चक्कर झालीच नाही. मास्तर लाजून घरी आले आणि मेव्हण्याला फोन केला. मेव्हणा म्हणजे मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ, स्वतः दुसऱ्या गिअरमध्ये आणि जीभ पाचव्यात असा माणूस. तो म्हणाला, "भावोजी, डोळे मिटून घ्या. असं घबाड पुन्हा मिळायचं नाही." मास्तरांना जरा हुरूप आला. पण थोड्याच वेळात त्याचाच पुन्हा फोन आला. "भावोजी, मी विचार केला. एवढी स्वस्त का देतोय तो? नक्की पाण्यात बुडालेली असणार. नाहीतर कुणीतरी तिच्याखाली आलेलं असणार. हातसुद्धा लावू नका." तिसरा फोन मास्तरांनी उचललाच नाही, कारण तिसरं मत काय असेल या कल्पनेनेच त्यांचं डोकं भंजाळलं होतं.

मग त्यांनी आपला नेहमीचा मिस्त्री गाठला. मिस्त्री शेडमध्ये जाऊन गाडीखाली सरपटला, टॉर्च मारला, ठोकलं, वास घेतला, ऐकलं. मास्तर मनातल्या मनात म्हणत होते, निघू दे काहीतरी. एखादा तडा, एखादी गळती, काहीही. म्हणजे नाही म्हणून मोकळं होता येईल आणि वर शहाणपणही पदरात पडेल. मिस्त्री बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. नव्यासारखी आहे."

"नीट बघितलंस? एवढी स्वस्त आहे, काहीतरी असणारच."

"मास्तर, तुम्हाला गाडी चांगली हवी आहे की वाईट, ते एकदा ठरवा. तसं बघतो मी."

दोष असलेली गाडी नाकारता येते. बिनदोषाच्या गाडीचं करायचं काय, हे मास्तरांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

या सगळ्यात घरातलं मत काय? तर मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बघा." संसार केलेल्या माणसाला या तीन शब्दांचं गांभीर्य सांगायला नको. त्याचा अर्थ 'खुशाल घ्या' असा होतो, 'घेऊन तर बघा' असाही होतो, 'मला काय विचारता' असा होतो आणि 'मला आधी का नाही विचारलंत' असाही होतो. मास्तरांनी ते वाक्य मनात चारही बाजूंनी फिरवून बघितलं. बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कौतुकही नव्हतं. नवऱ्याकडे न बघता त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "नाही हो, आमच्याकडे शिकवायला बाई नाहीत. हो, हो, तुम्ही समोर विचारा." असले फोन रोजच यायचे, त्यामुळे मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

शनिवारी दोघं शाळेच्या जुन्या गाडीतून बाजारात निघाले होते. चढावर गाडी कण्हायला लागली. बाई खिडकीबाहेर बघता बघता म्हणाल्या, "दुसऱ्यात घ्या. जीव जातोय तिचा." मास्तरांनी दुसऱ्यात घेतली. इतकी वर्षं ऑफिसात बसून ऐकून ऐकून पाठ झालं असणार, असं त्यांना वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला. स्वतःचा.

कोपऱ्यावर समोरचा भेटला. फुटपाथवर उभा राहून आपल्या नव्या गाडीच्या काचा पुसत होता. "मास्तर, हिरवी घेताय म्हणे? घ्या, घ्या. बिनधास्त घ्या," तो म्हणाला आणि मग वाकून बाईंकडे बघून, "बऱ्या आहात ना वहिनी?" असं हसून विचारलं. बाईंनी मान हलवली.

झालं. मास्तरांची उरलीसुरली झोप उडाली. समोरचा घ्या म्हणतो म्हणजे त्याचा डाव आहे. मी हिरवी घेतली की माझी शाळा बुडाली, त्याला मोकळं रान. पण समोरचा काही बावळट नाही. मी त्याचं ऐकणार नाही हे त्याला माहीत आहे. म्हणजे त्याने मुद्दाम घ्या म्हटलं, मी न घ्यावी म्हणून. म्हणजे त्यालाच ती हवी आहे. म्हणजे मी घ्यायला हवी. पण मग तो म्हणाला तेच मी केल्यासारखं होतं. मास्तर या चक्रात इतके गरगरले की संध्याकाळी शिकवताना एका सज्जन बँकवाल्याला त्यांनी सरळ रस्त्यावर काही कारण नसताना तीनदा थांबवलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी गाडी घरीच पाठवून दिली. निरोप होता, वहिनींना फिरवून आणा आणि दुपारी काय ते सांगा. मास्तरांनी या वेळी बरोबर सीटवर बसायची काळजी घेतली. बाई शेजारी बसल्या. पिशवी मांडीवर, कारण मागे ठेवायला जागाच नव्हती.

धरणाकडे जाणारा रस्ता रुंद आणि सरळ होता, रविवारी सकाळी तिथे चिटपाखरू नसायचं. मास्तर तिथवर कसे पोचले ते विचारू नका. प्रत्येक कोपऱ्यावर त्यांनी दोन्ही बाजूंना बघितलं, मग पुन्हा बघितलं. एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून त्यांना मागे टाकून गेले आणि जाताना काचेतून आत डोकावून गेले. इंजिन खालून गुरगुरत होतं. या माणसाचं करायचं काय, असं बहुधा तेही विचारत असावं.

सरळ रस्ता लागला. मास्तरांनी खोल श्वास घेतला. आता, असं ते मनात म्हणाले. समोर काही नव्हतं. मागे काही नव्हतं. त्यांनी पाय उचलला, वेगाच्या पेडलवर टेकवला, गाडीने नाक जरा वर केलं, आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी दात आवळले, तेव्हा दाढ ठणकली आणि गाडी बंद पडली.

मास्तरांनी ती कडेला घेतली. हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "मला कळतच नाही गं. मला ही हवी आहे की नको आहे, तेच कळत नाही."

बाईंनी मागे वळून रिकामा रस्ता बघून घेतला. मग त्यांनी पिशवी खाली पायापाशी ठेवली आणि दार उघडलं.

"उतरा. इकडे येऊन बसा."

"का? कुठे चाललीस?"

"उतरा तर खरं."

मास्तर उतरले. त्या बुटक्या गाडीतून उतरायला त्यांनाही बराच वेळ लागला. वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसेपर्यंत बाईंनी सीट पुढे ओढली होती, आरसा स्वतःच्या उंचीला लावला होता, पट्टा लावला होता. मास्तर काही विचारणार एवढ्यात गाडी हलली. झटका नाही, हिसका नाही, लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. पहिला, दुसरा, तिसरा. मास्तरांना गिअर मोजायची सवय होती, चौथ्याला त्यांनी मोजणं सोडलं. झाडं मागे पडत होती. पुढे धरणाच्या भिंतीजवळचं वळण दिसायला लागलं आणि मास्तरांचा उजवा पाय खाली गेला. पूर्ण जोराने गेला, आणि पायपुसण्यावर आपटला.

"तिथे काही नाहीये," बाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "पाय काढा."

वळण आलं आणि गेलं.

धरणाच्या टोकाला जिथे गाड्या वळवायला जागा आहे, तिथे बाईंनी गाडी एका दमात वळवून उभी केली.

"हे कुठे शिकलीस?"

"समोर."

"समोर म्हणजे?"

"समोर म्हणजे समोर. आपल्या समोर. दुपारी तुम्ही जेवून आडवे होता ना, तेव्हा जायचे."

सगळ्या गावाला शिकवलं, आणि बायको रस्ता ओलांडून त्या माणसाकडे गेली. त्याला सगळं माहीत होतं. म्हणून तर ते 'बऱ्या आहात ना वहिनी'. म्हणजे इतके दिवस तो काचा पुसत हसत होता, आणि मास्तर त्याला नमस्कार करत होते.

"लायसन?"

"आहे. पर्समध्ये."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगणार होते. पण तुम्ही म्हणाला असता, चल, बघू कशी चालवतेस. आणि शेजारी बसला असता. पाय ठेवून." बाईंनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "तुमच्याकडे शिकत राहिले असते तर अजून त्या मैदानावरच असते मी. मला चुकूच देत नव्हता तुम्ही. चुकायच्या आधीच गाडी थांबलेली."

हे मास्तरांना लागलं. खूप लागलं. गाडी शिकवण्यात आपली चूक काढणारं माणूस त्यांना आजवर भेटलं नव्हतं, आणि आता भेटलं ते घरात. काहीतरी फाडकन बोलावं असं मनात आलं, पण वळण त्यांनी स्वतः बघितलं होतं. त्यांच्या एकाही विद्यार्थ्याने ते वळण तसं घेतलं नसतं.

"शिकून करायचं काय होतं तुला? बोलायचं होतंस ना, सोडलं असतं मी हवं तिथे."

"मला शिकवायचं आहे," बाई म्हणाल्या. "रोज बायकांचे फोन येतात, बाई आहेत का शिकवायला म्हणून. रोज मी नाही म्हणते आणि समोर पाठवते. म्हटलं, नवी गाडी आली की सांगू. शिकवण्याच्या परवान्याची परीक्षा देऊ. म्हणून थांबले होते. मग ही हिरवी आली मध्ये."

"मग तेव्हा तरी बोलायचंस. तुमचं तुम्ही बघा म्हणालीस."

बाईंनी आता पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं.

"इतक्या वर्षांत तुम्हाला पहिल्यांदा काहीतरी हवं झालं होतं. शेडमधून आलात तेव्हा तोंड बघितलं होतं मी तुमचं. मी कशाला ब्रेक लावू?"

पाण्यावरून वारा येत होता. तापलेल्या इंजिनातून बारीक टकटक ऐकू येत होती. मास्तरांना बायकोचा राग आला होता, समोरच्याचा आला होता, स्वतःचा तर फारच आला होता, आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी रडू येत होतं. हिरवी गाडी अजूनही हवीच होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट. आधी निदान त्यांची इच्छा एकीकडे आणि व्यवहार दुसरीकडे होता. आता दोन्हीकडे इच्छाच होत्या, आणि एक त्यांची नव्हती.

परत येताना गाडी बाईंनीच चालवली. मास्तरांनी उजव्या पायावर डावा पाय ठेवून तो दाबून धरला होता.

डॉक्टर शेडपाशी कमरेला पट्टा बांधून उभे होते. बाईंनी दिलेली किल्ली घेऊन मास्तर गाडीतून उतरले तेव्हाही त्यांचं काही ठरलेलं नव्हतं. नेमकं कुठे ठरलं, हे त्यांना पुढे कधीही सांगता आलं नाही. धरणावर ठरलं असं म्हणावं, तर येताना प्रत्येक कोपऱ्यावर ते मनात हो म्हणत आले होते. डॉक्टरांनी विचारलं, "मग मास्तर, नक्की ना?" आणि मास्तरांनी स्वतःच्या हाताने किल्ली पुढे केलेली पाहिली.

"नको म्हणतो."

"का हो? काही दोष निघाला?"

"दुसरा ब्रेक नाही तिला," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांना तो विनोद वाटला. ते हसायला गेले आणि पाठ धरून खाली बसले.

पुढच्या आठवड्यात हिरवी विकली गेली. कुणी घेतली? समोरच्याने. मास्तरांना सांगितलेल्या किमतीपेक्षा बरीच जास्त मोजली म्हणे, आणि ती रोज सकाळी मास्तरांच्या ऑफिससमोर, अगदी नाकासमोर, उभी करायला लागला. ती सुरू झाली की मास्तरांच्या टेबलावरचा चहाचा कप किणकिणायचा. तेवढा वेळ मास्तर काम थांबवायचे. आपण शहाणपण केलं की आयुष्यातली एकमेव संधी घालवली, हे त्यांना तेव्हाही कळत नसे, आणि त्याबद्दल ते कुणाला विचारतही नसत. मेव्हण्याला तर नाहीच.

शाळेची नवी गाडी आली. पांढरी, चार दारांची, नाकासमोर चालणारी. मिस्त्रीने तिला दुसरा ब्रेक बसवून दिला आणि जाता जाता विचारलं, "ही चांगली आहे. चालेल ना?" बाईंनी परीक्षेची तयारी सुरू केली. पण शिकवायचा सराव करायला कुणीतरी गाडी न येणारं माणूस लागतं, आणि बाहेरचं माणूस इतक्यात कुठून आणायचं? तेव्हा मास्तर म्हणाले, मी बसतो.

मग रोज सकाळी मास्तर शिकाऊ झाले. आजवर बघितलेल्या सगळ्या चुका त्यांना तोंडपाठ होत्या, त्या त्यांनी एकेक करून दाखवायला घेतल्या. क्लच धपकन सोडला. वळणाचा दिवा एकीकडचा लावून दुसरीकडे वळले. डॉक्टरांसारखे आरशात दात बघितले. गाडी हिसके देत राहिली, एकदा फुटपाथच्या कडेला चाक घासलं. शेजारून नुसता आवाज यायचा. "पुन्हा करा. कुठे चुकलं ते तुम्हीच सांगा." ब्रेक मात्र पडत नव्हता. मास्तर दर चुकीला अंग चोरून वाट बघायचे आणि तो पडायचाच नाही, इतका की शेवटी त्यांना स्वतःच गाडी सरळ करावी लागायची.

एका सकाळी बाई म्हणाल्या, "आज धरणाकडे घ्या."

रस्ता तोच, रुंद आणि रिकामा. सरळ भाग लागला तसं मास्तरांनी सवयीप्रमाणे शिकाऊ माणसाची पुढची चूक आठवायला सुरुवात केली.

"आता पुरे ते," बाई म्हणाल्या. "आता तुमचं तुम्ही चालवा."

मास्तरांनी तिसरा टाकला. चौथा टाकला. गाडी साधी होती, तिला गुरगुरता येत नव्हतं, पण काचेबाहेरची झाडं हलायला लागली, मग पळायला लागली. पायाला ब्रेकवर जायचं होतं. मास्तरांनी तो जिथे होता तिथेच ठेवला आणि थोडा, अगदी थोडा, आणखी दाबला. समोर धरणाचं वळण दिसू लागलं. आता ती दाबणार, असं म्हणून त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी खाली बघितलं. दुसरा ब्रेक नवा कोरा चमकत होता, आणि त्याच्यावर काहीच नव्हतं. बाईंच्या चपला खाली पडल्या होत्या आणि बाई वर सीटवर चक्क मांडी घालून बसल्या होत्या.

"अगं, पाय," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पाय खाली घे. ब्रेकजवळ हवा पाय."

"समोर बघा," बाई म्हणाल्या. "वळण आलं."